विमलचा भात

ही गोष्ट माझ्याखेरीज आणखी एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि ते माणूस ती कधी बोलणार नाही. मीही आजवर बोललो नाही. भावाला नाही, मित्राला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही — तिथंही मी दुसऱ्याच चुका सांगत आलो, सोप्या सोप्या. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि माझ्या मुलीला तर नाहीच नाही.

गोष्ट एका भाताची आहे. हसू आलं ना? भाज्या घातलेला साधा भात, कुकरमध्ये अर्ध्या तासात होणारा. त्यात लपवण्यासारखं काय असणार? — पण थांबा जरा. मला सुरुवातीपासून सांगू द्या, नाहीतर मी मधलंच काहीतरी गोड सांगून उठेन. तशी मला सवय आहे.

माझी पहिली बायको सुनंदा. कावीळ झाली, तिनं ती अंगावर काढली, आणि दवाखान्यात नेलं त्याच्या चौथ्या दिवशी गेली. आमची मुग्धा तेव्हा चार वर्षांची होती. इंदिरानगरमध्ये दोन खोल्यांचं घर, आणि मी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये. पुढची दोन वर्षं आमचा गॅस पेटला तो चहापुरता. मागच्या गल्लीतल्या एक बाई डबा द्यायच्या. बाप-लेक समोरासमोर बसून तो खायचो आणि डबा धुऊन ठेवून द्यायचो. इतकंच आमचं स्वयंपाकघर.

मग ब्याण्णवच्या उन्हाळ्यात मी विमलशी लग्न केलं. विमल मखमलाबादच्या बाजूची, भाजी पिकवणाऱ्या घरातली. तिचंही आधी एक लग्न झालेलं. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं माहेरी आणून सोडली होती. मी काही फार देखणं स्थळ नव्हतो. पण घरात एक लहान मुलगी आहे हे ऐकल्यावर ती लगेच हो म्हणाली — हे मला पुष्कळ नंतर तिच्या भावानं सांगितलं. ऐकून मी काय केलं? काही नाही. मान हलवली.

मुग्धानं तिला 'मावशी' म्हणायचं असं आम्ही मोठ्यांनी ठरवलं. मुग्धा म्हणायची. 'मावशी, तुम्ही' म्हणायची. हट्ट नाही, उलट उत्तर नाही. फक्त तिच्या हातचं खायची नाही. 'भूक नाहीये' म्हणायची आणि बिस्किटं, केळी, शेजारून आलेलं एखादं थालीपीठ यांवर दिवस काढायची. विमलनं सगळं करून पाहिलं — शिरा, बटाट्याची भाजी, गोड पोळी. पोर ताटाकडे बघायचीसुद्धा नाही. चार-पाच महिन्यांत तिच्या गणवेशाचा पट्टा दोन भोकं आत गेला. शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

त्या हिवाळ्यात विमलच्या भावानं मळ्यातून मटारचं एक पोतं आणून टाकलं. आमच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा सुनंदाच्या वेळेपासून रिकामाच होता, त्यात फक्त बर्फाचा एक ट्रे. विमलनं दोन दिवस बसून मटार सोलले, मीठ आणि चिमूटभर साखर घातलेल्या उकळत्या पाण्यातून काढले, गार पाण्यात टाकले, माझ्या जुन्या धोतरावर पसरून वाळवले, आणि पिशव्या भरून कप्प्यात रचले. मग गाजराचे तुकडे, फरसबी, फ्लॉवरचे तुरे. एका दुकानासाठी ती शाळेचे गणवेश शिवायला जायची, यायला साडेसहा व्हायचे. आल्याबरोबर एक पिशवी काढायची, तांदूळ धुवायची, कुकर लावायची. आमच्याकडे तांदूळ इगतपुरीकडचा यायचा, थोडा चिकट, पण शिजला की वासानं जिन्यावरून कळायचं. तूप नाही, दही नाही, काही नाही. तेल, चार खडे मसाले, आलं-मिरची, भाज्या, आणि उतरवल्यावर वरून ओलं खोबरं, कोथिंबीर. तिचं स्वतःचं होतं ते. कुणाकडून शिकलेली नव्हती. वेळ नव्हता म्हणून तिनं ते जुळवलं होतं.

एका संध्याकाळी तिनं कुकर उतरवला, उघडून ठेवला आणि ती गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेली. मुग्धा वासानं ओट्याशी आली. टाचा उंचावून आत बघितलं तिनं.

"कुणी केलाय?"

"मी," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मग एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. "तुझी आई असाच करायची. तिनंच मला शिकवलाय."

मुग्धानं दोनदा भात मागून घेतला. खाली मान घालून, बोटं चाटत खाल्ला. मी वर बघितलं तर विमल दारात उभी होती, खांद्यावर कपड्यांचा ढीग. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती तशीच मागं फिरली. मी तिच्यामागे गेलो तेव्हा ती जिन्यात बसून मुग्धाच्या फ्रॉकची घडी घालत होती.

"खाल्लं ना तिनं?" ती म्हणाली. "मग झालं."

आता तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. हा खोटेपणा मी तुमच्यापुढे मांडायला बसलेलो नाही. पोरगी उपाशी होती, आणि त्या दिवशी जेवली. खरं जे आहे ते पुढं आहे, आणि तिकडे जायला मला जड जातंय.

हळूहळू मुग्धा विमलच्या हातचं बाकीचंही खाऊ लागली. पण तेव्हापासून तो 'आईचा भात' झाला आणि तो 'बाबा करतात' असं झालं. म्हणजे कसं — विमल साडेसहाला आली की कांदा उभा चिरून ठेवायची, मसाला एका वाटीत मोजून ठेवायची, तांदूळ भिजवायची, भाजीची पिशवी काढून ठेवायची, आणि मुग्धाची शिकवणी सुटायच्या वेळेला स्वयंपाकघरातून बाहेर यायची. मी आत जायचो. वाटीतलं कढईत, कढईतलं कुकरात. मुग्धा दप्तर टाकून ओट्याला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, बाबा, आईचं सांगा ना.

मी सांगायचो. सुनंदा मटार कसे निवडायची, सुनंदा गुणगुणत भात कशी परतायची. खरी सुनंदा? तिला स्वयंपाकाचा कंटाळा होता. तिचा भात खाली लागायचा आणि ती हसत हसत वरचा वरचा वाढायची. वाचायची फार; कढई गॅसवर ठेवून वाचत बसायची. किती छान होती ती तशी. ती मुग्धाला मी कधी दिलीच नाही. तिच्या जागी एक सुगरण बाई उभी केली, विमलचे हात लावून. दोघींचंही काढून घेतलं मी — एकीचं नाव घेतलं, दुसरीचे हात घेतले.

आणि मला आवडायचं हो ते. हे लिहिताना पेन थांबतंय, पण लिहितो. माझी मुलगी माझ्याकडे जशी बघायची — बायको गेलेला, कारखान्यातून दमून येऊन आईच्या हातची चव जपणारा बाप — ते मला फार आवडायचं. तिच्या भल्यासाठी चाललंय असं मी स्वतःला सांगायचो. पहिले सहा महिने ते खरं असेलही. पुढची वर्षं?

मुग्धा सातवीत असताना एकदा मला कारखान्यात ओव्हरटाइम लागला. विमलनं भात केला आणि तिला वाढला. मुग्धानं दोन घास खाल्ले आणि ताट हळूच बाजूला सरकवलं. "छान आहे मावशी," म्हणाली, "पण आईच्यासारखा नाही झाला. बाबा आल्यावर करतील." मी आलो तेव्हा विमलनं मला हे सांगितलं — हसून सांगितलं. मी तोच भात, तोच, कढईत टाकला, चमचाभर तेल सोडलं, परतला, वर कोथिंबीर घातली आणि मुग्धासमोर ठेवला.

"हां," मुग्धा म्हणाली. "हा."

विमल समोरच बसली होती, गणवेशाला बटणं लावत. आणि मी तिच्याकडे बघून डोळा मारला.

तिनंही थोडं हसून सुई पुढं घातली. त्यानंतर मुग्धासाठी तिनं एकटीनं तो भात कधी केला नाही. मी उशिरा येणार असलो की पिठलं करायची.

वर्षं गेली. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात भारनियमन इतकं होतं की दिवसाचे आठ-आठ तास वीज नसायची. त्यातच एकदा आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि दोन दिवस वीज आलीच नाही. बर्फाच्या कप्प्यातून पाणी ओघळायला लागलं. विमलच्या भावाकडून आलेला वर्षाचा मटार, गाजर, सगळं सुटलं. विमल म्हणाली, टाकायचं कशाला, मोठं पातेलं चढवू. शेजारच्या तीन घरांना जेवायला बोलावलं. सकाळपासून तिनं भाज्या निवडल्या, जे आंबलं ते बाजूला काढलं, उरलेल्याच्या भाताची सगळी तयारी केली; फोडणीला मात्र नेहमीसारखा मी उभा राहिलो. मुग्धा कॉलेजात होती तेव्हा, शेवटच्या वर्षाला. ती प्रत्येकाला वाढताना सांगत होती, "हा माझ्या आईचा भात आहे. बाबांनी शिकून घेतलाय तिच्याकडून." शेजारच्या काकूंनी माझं कौतुक केलं. म्हणाल्या, असा पुरुष बघायला मिळत नाही. मी 'कसचं काय' म्हणालो — जसं म्हणतात तसं, म्हणजे आणखी कौतुक व्हावं म्हणून.

दुपारी सगळे गेल्यावर विमल मागच्या मोरीत पातेलं घासत होती. मी पाणी ओतत होतो. तिनं मान वर न करता विचारलं, "मुगी आता मोठी झाली. सांगून टाकू या का तिला?"

तेरा वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. साडी नाही, दागिना नाही, तीर्थयात्रा नाही. हे एवढंच.

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "कशाला आता? तिची आई तिच्या हातून दुसऱ्यांदा जाईल."

वाक्य चांगलं होतं, नाही? मला स्वतःलाच ते बोलताना गहिवरून आलं. पण ते खरं नव्हतं. मुग्धा एकोणीस वर्षांची होती, समजदार होती, तिनं सोसलं असतं. मला भीती मुग्धाची आई जाण्याची नव्हती. माझी वाटत होती — मी जाईन तिच्या नजरेतून, ही. विमल "बरं" म्हणाली आणि पातेलं पालथं घातलं. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही.

ही कबुली. पण अजून एक पायरी खाली उतरायची आहे मला.

मुग्धाचं लग्न ठरलं, मुलगा पुण्याचा. लग्नाच्या महिनाभर आधी ती म्हणाली, "बाबा, आईची कृती लिहून ठेवलेली असेल ना कुठंतरी? तिच्या अक्षरात? मला ती हवीय." मी नाही म्हणू शकलो असतो. 'तोंडी सांगायची' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "शोधतो."

दुसऱ्या दिवशी मुग्धा खरेदीला गेली असताना मी ट्रंकेच्या तळातून सुनंदाची एक जुनी वही काढली. तिच्यात मागची पानं कोरी होती. सुनंदाची लग्नाआधीची पत्रं समोर ठेवली आणि तिचं अक्षर गिरवायला बसलो. ती 'ळ' मोठा काढायची आणि शिरोरेषा मधेच तोडायची. तासाभरात जमलं. मग पेन टेकवलं — आणि माझ्या लक्षात आलं की मला कृती येत नाही. सोळा वर्षं त्या कुकरासमोर उभा होतो, पण वाटीत काय काय असायचं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी विमलला हाक मारली. ती सूप घेऊन आली, माझ्यासमोर जमिनीवर बसली. वही बघितली, पत्रं बघितली. तिला सगळं समजलं. मी म्हणालो, "सांग." आणि तिनं सांगितलं.

"लिहा. दोन वाट्या तांदूळ, पंधरा मिनिटं भिजवावा. तेल तापलं की तमालपत्र, चार लवंगा, सहा मिरी. कांदा उभा. लालसर नको, नरम हवा. आलं-मिरची ठेचून. भाज्या बर्फासकटच टाकाव्यात, आधी सुटू देऊ नयेत, नाहीतर गाळ होतो. पाणी गरम घालावं. दोन शिट्ट्या."

माझा हात चालत होता, सुनंदाच्या अक्षरात. जिवंत बाई सांगत होती आणि मी मेलेल्या बाईच्या नावानं उतरवून घेत होतो. कुणी आत येऊन बघितलं असतं तर वाटलं असतं, नवरा-बायको लग्नाची यादी करताहेत.

शेवटी ती म्हणाली, "आणि लिहा — मुगीला मिरी दाताखाली आलेली चालत नाही. वाढताना वेचून काढावी."

सोळा वर्षं ती हे करत होती. मी गॅसशी उभा राहून गोष्टी सांगायचो आणि ती ताट वाढून बाहेर न्यायची; त्या मधल्या चार पावलांत ती मिरी वेचायची. मला ठाऊकसुद्धा नव्हतं.

"हे नको," मी म्हणालो. "सुनंदाला हे कसं माहीत असेल? तेव्हा मुग्धा चार वर्षांची होती."

"हो की," विमल म्हणाली. "ध्यानातच आलं नाही माझ्या." आणि सूप उचलून आत गेली.

मी ते वाक्य लिहिलं नाही. पान फाडलं, थोडं चुरगळलं, जुनं दिसावं म्हणून चहाचा एक डाग पाडला. मुग्धानं ते छातीशी धरलं तेव्हा तिला रडू फुटलं, आणि तिला सावरायला विमलच पुढं झाली. मी नाही.

लग्नानंतर मुग्धा बदलली. लांब गेल्यावर माणूस जवळ येतं म्हणतात, तसं काहीसं. विमलला रोज फोन करू लागली. 'तुम्ही'चं 'तू' झालं — कधी झालं ते आम्हा कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मी ते ऐकत बसायचो आणि मला बरं वाटायचं, जणू ते माझ्यामुळंच झालं.

मागच्या वर्षी आम्ही दोघं पुण्याला तिच्याकडे राहायला गेलो होतो. संध्याकाळी ती ऑफिसातून आली, फ्रीजरमधून दुकानातली मटार-गाजराची पिशवी काढली आणि अर्ध्या तासात भात केला. ते पान तिनं फ्रेम करून ओट्याच्या वर लावलं आहे. जावई कामावरून यायचे होते. आम्ही तिघंच बसलो. मुग्धानं आधी विमलला वाढलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली, पहिला घास कसा लागतो ते बघायला.

"मावशी, खाऊन सांग ना. तू तर इतकी वर्षं बाबांच्या हातचा खाल्लायस."

विमलनं घास घेतला. सावकाश चावला. "छान झालाय," म्हणाली. "पाणी अगदी बेताचं पडलंय."

मग मुग्धा माझ्याकडे वळली. "बाबा? खरं सांगा. तसाच झालाय?"

घरात आम्ही तिघंच होतो, कुणाला घाई नव्हती. मुग्धाचा चेहरा मोकळा होता. त्या क्षणी काहीही सांगितलं असतं तरी तिनं ऐकून घेतलं असतं, आणि बहुधा उठून विमलला मिठी मारली असती. मला हे तेव्हाही दिसत होतं. विमल माझ्याकडे बघत नव्हती. ती ताटात बघत होती.

"अगदी तुझ्या आईसारखा," मी म्हणालो, आणि ताट पुढं करून आणखी मागितला.

कुणी म्हणेल, त्या 'आई' शब्दात विमलही आली की. नाही आली. तो अर्थ मला परतीच्या बसमध्ये सुचला, सिन्नर गेल्यावर, ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती तेव्हा. बोलताना माझ्या मनात तो नव्हता. मला त्या प्रश्नातून फक्त सुटायचं होतं.